पाण्याची पाळी आणि होल्डचा खटका

आमच्या चकलांब्याकडं विहिरीचं पाणी तासात मोजतात. "किती पाणी हाय रं विहिरीला?" असं कुणी विचारलं तर उत्तर येतं, "अडीच तास चालती." म्हणजे पाच हॉर्सपॉवरची मोटार अडीच तास पाणी फेकते आणि मग फुटबॉल उघडा पडतो. शहरातल्या वाचकासाठी सांगतो, हा खेळायचा फुटबॉल नव्हे. मोटारीच्या पाइपाच्या खालच्या टोकाला जी झडप असते तिला कंपनीवाले फूट व्हॉल्व्ह म्हणतात, आमच्या रानात येईतोवर तिचा फुटबॉल झाला. तो उघडा पडला की मोटार हवा धरते, तिचा आवाज बदलतो आणि कुणीतरी स्टार्टरकडं पळत सुटतं.

ही रीत तशी सोयीची. पण तिच्यापायी आमच्या घरात दोन सख्ख्या भावांचं बोलणं बंद झालं होतं. ते पुन्हा सुरू झालं त्यात औरंगाबादच्या एका कॉलेजातल्या टेबलाएवढ्या यंत्राचा थोडा हात होता. त्या यंत्राला ॲनालॉग कॉम्प्युटर म्हणायचे. आज ते कुठं दिसत नाही, म्हणून ते चालायचं कसं हेही इथं लिहून ठेवतो.

आधी विहिरीचं सांगतो. गेवराई तालुक्याच्या उत्तरेच्या शिवेवरून गोदावरी जाते, जायकवाडीचा उजवा कालवाही तालुक्यातून गेलाय, पण आमचं रान विहिरीवरचं. वर काळी, तिच्याखाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. आमच्या आज्यानं विहीर खांदली तेव्हा ती पाच परस होती. तिच्यावर मोट होती. धावेवर बैलं मागं-पुढं करायची, थारोळ्यात पाणी पडायचं आणि पाटानं रानात जायचं. मोटेनं कधी त्या विहिरीचा तळ लागला नाही. बैलं जेवढं ओढायची तेवढं झरे भरून काढायचे.

तळ लागला तो १९७२ ला. आदल्या वर्षी पाऊस कमी आणि त्या वर्षी त्याहून कमी. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांचा. गावोगावी दुष्काळी कामं निघाली, माणसं खडी फोडायला आणि नाला बांधावर जायला लागली. सुकडी आणि मिलो ज्वारी खाल्लेली माणसं आमच्या पिढीत सगळीच. त्याच साली राज्यात रोजगार हमी योजना सुरू झाली, पुढं १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. आमचे आण्णा आणि त्यांचे थोरले भाऊ, आमचे तात्या, दिवसा कामावर जायचे आणि रातच्याला सुरुंग लावून विहीर खाली न्यायचे. दोन परस खाली गेल्यावर एका चिरीतून करंगळीएवढं पाणी सुटलं. तात्यांनी तिथंच बसून ओंजळीनं पाणी पिलं, असं बाई सांगायची. आईला आम्ही बाई म्हणायचो.

दुष्काळ सरल्यावर लाईट आली, दोघांत मिळून एक मोटार आली आणि पाळी ठरली. एक दिवस-रात तात्यांची, एक दिवस-रात आण्णांची. उजाडलं की पाळी बदलायची. मोटेच्या काळात ही रीत चांगली चालली असती. पण मोटार भरलेली विहीर तीन तासांत उपसायची. मग थांबायचं, विहीर भरायची वाट बघायची. वर लाईटचा भरवसा नाही. आण्णांच्या पाळीत रातभर लाईट गेली तर विहीर तोंडोतोंड भरून राहायची, उजाडलं की तात्या येऊन ती उपसायचे. आण्णा म्हणायचे, "माझ्या पाळीत आलेलं पाणी त्येंनी नेलं." पंधरा दिवसांनी हेच उलटं व्हायचं, मग तात्या म्हणायचे. दोघांचंही खरं होतं, म्हणून तर भांडण मिटत नव्हतं.

१९८२ च्या उन्हाळ्याच्या तोंडाला उशिराचा गहू दाण्यात होता आणि उन्हाळी भुईमूग आऱ्या धरत होता. एका पहाटे लाईट आली. आण्णांनी मोटार टाकली, तेवढ्यात दिस उगवला. तात्या स्टार्टरपाशी आले आणि त्यांनी लाल बटण दाबलं. आण्णांनी हिरवं दाबलं. असं तीन-चार वेळा झालं. मग दोघांनी एकमेकांच्या हाताला धरलं. बाया मधी पडल्या म्हणून हातघाईवर आलं नाही, पण त्या दिवसापासून बोलणं बंद. वैशाखात तात्यांच्या थोरल्या लेकीचं, आमच्या ताईचं, लग्न धरलेलं होतं. चुलता मांडवात येणार का नाही, हे गावात लोक एकमेकांना विचारायला लागले. सोयऱ्यांच्या कानावर गेलं तर काय होईल, ह्या काळजीनं तात्यांच्या घरात चुलीला नीट जाळ लागत नव्हता.

मी तेव्हा औरंगाबादला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो. आमच्या कंट्रोलच्या लॅबमध्ये ते यंत्र होतं. समोर भोकाभोकांचं पॅनेल, त्यात लाल, काळ्या, पिवळ्या वायरी खोचायच्या. उजव्या अंगाला दहा फेऱ्यांचे बारीक नॉब, म्हणजे पोटेन्शिओमीटर. मध्ये काटा असलेला मीटर. आणि खाली खटक्यांची एक ओळ: पॉट सेट, रिसेट, कॉम्प्युट, होल्ड, रिपिटेटिव्ह.

सरांनी फळ्यावर सगळं सांगितलं होतं, पण मला ते उमगलं लॅबच्या मामांकडून. मामा पैठणकडचे, शिपाई म्हणून लागले आणि पंधरा वर्षं त्या यंत्राजवळ बसून शिकले. ते म्हणाले, "ह्याच्यात आकडे नसतात. ह्याच्यात व्होल्टेज असतं. तू म्हणशील ती गोष्ट व्होल्टेज होती. वेग म्हण, उष्णता म्हण, नाहीतर तुझ्या हौदातलं पाणी म्हण."

हौदातलं पाणी, हे ते सहज बोलले. पण खरोखर त्या यंत्राचा जीव म्हणजे एक हौदच होता. त्याला इंटिग्रेटर म्हणायचे. एक ॲम्प्लिफायर आणि त्याला जोडलेला कपॅसिटर. येणारं व्होल्टेज म्हणजे पाण्याची धार, कपॅसिटरवर साठलेलं व्होल्टेज म्हणजे हौदातली पातळी. एक मेगओहमचा रेझिस्टर आणि एक मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असला, की एक व्होल्टची धार एका सेकंदात एक व्होल्ट साठवते. (ॲम्प्लिफायर चिन्ह उलटं करतो, अधिकचं उणे होतं. तेवढं ध्यानात ठेवायचं.)

खटक्यांचं काम असं. रिसेट दाबला की रिलेच्या चिमट्या बदलतात, बाहेरची धार बंद होते आणि कपॅसिटर तुम्ही सांगाल त्या पहिल्या पातळीला भरतो. गोष्ट कुठून सुरू करायची ते इथं ठरतं. कॉम्प्युट दाबला की धार सुरू होते आणि यंत्र गणित सोडवायला लागतं, म्हणजे पातळी वर-खाली व्हायला लागते, काटा हलतो. होल्ड दाबला की धार तुटते, पण साठलेलं तसंच राहतं. काटा जिथल्या तिथं उभा. आकडा वहीत लिहून घ्या, पुन्हा कॉम्प्युट दाबा, गोष्ट तिथूनच पुढं. मामा बजावायचे, "होल्डवर जास्ती वेळ बसू नको. कपॅसिटर गळतो. काटा उभा दिसतो, पण घसरत असतो." पॉट सेट हा नॉब लावायचा खटका. भार जोडलेला ठेवूनच नॉब लावावा लागतो, नाहीतर लावलेला आकडा जोडल्यावर बदलतो. व्होल्टेज १० च्या वर गेलं की ओव्हरलोडचा लाल दिवा लागायचा. मग उत्तर खोटं समजायचं आणि प्रमाण बदलून पुन्हा मांडायचं.

रिपिटेटिव्हमध्ये हे खटके माणसानं दाबायचे नाहीत, घड्याळाचं सर्किट दाबतं. दोन ट्रान्झिस्टर आळीपाळीनं चालू-बंद होतात, त्याला मल्टिव्हायब्रेटर म्हणतात. त्यातला एक काळ रिसेटचा, दुसरा कॉम्प्युटचा. मोठ्या कपॅसिटरच्या जागी हजारपट लहान जोडले जातात, म्हणून सगळी गोष्ट हजारपट घाईनं घडते आणि ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर सारखी सारखी उमटते, इतकी की ती रेघ थिजल्यासारखी दिसते. नॉब फिरवला की रेघ डोळ्यांदेखत वाकते. ह्यात दोन गोष्टी सांभाळायच्या. सगळे इंटिग्रेटर एकाच क्षणी सुटले पाहिजेत, आणि रिसेटला पुरेसा वेळ दिला पाहिजे. कपॅसिटर भरायला त्याच्या मापाच्या पाचपट तरी वेळ लागतो. तो कमी पडला तर कपॅसिटर अर्धवट भरतो आणि प्रत्येक रेघ चुकीच्या जागेवरून सुरू होते. मला त्यावर ७२ आठवायचं. विहिरीचा रिसेट म्हणजे पावसाळा. तो दोन वर्षं अपुरा पडला आणि आमच्या सगळ्या रेघा खालून सुरू झाल्या.

पाण्यावरून गणित करायची कल्पना काही माझ्या एकट्याची नव्हे, हे पुढं वाचनात आलं. रशियात लुक्यानोव्ह नावाच्या इंजिनिअरनं १९३६ मध्ये खरोखर पाण्याच्या नळ्यांनी गणित सोडवणारं यंत्र केलं. काँक्रीट कसं गरम-थंड होतं हे त्याला बघायचं होतं. १९४९ मध्ये बिल फिलिप्स ह्या माणसानं लंडनमध्ये रंगीत पाण्याचं यंत्र उभं केलं, त्यात देशाचा पैसा टाक्यांतून वाहताना दिसायचा. त्याही आधी लॉर्ड केल्विननं चाकं आणि दोऱ्यांवर भरती-ओहोटीचं भाकीत करणारं यंत्र काढलं आणि त्याच जातीचं एक यंत्र हिंदुस्थानातल्या बंदरांसाठी इंग्लंडात तयार झालं. आपल्या देशात कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये समरेंद्रकुमार मित्रांनी १९५३ च्या सुमारास दहा समीकरणं एकदम सोडवणारा ॲनालॉग कॉम्प्युटर बांधला. आमच्या लॅबमधलं यंत्र ह्याच खानदानातलं धाकटं पोर.

होळीला गावी आलो तर दोन्ही घरांची होळी वेगळी पेटलेली. दुसऱ्या दिवशी तात्यांची पाळी होती. सांजच्याला विहीर फुटबॉलपर्यंत उपसून झाली आणि तेवढ्यात डीपी जळाला. वायरमन म्हणाला, दोन दिवस तरी लाईट नाही. सगळ्यांनी कपाळाला हात लावला. पण मला पाहिजे होतं ते आपसूक मिळालं. दोन दिवस कुणी विहिरीला हात लावणार नव्हतं.

सोलाची दोरी घेतली, फुटाफुटावर गाठ मारली, खाली दगड बांधला. कंदील, वही आणि हातातलं एचएमटीचं घड्याळ. दर तासाला दोरी सोडायची, दगड पाण्याला टेकला की गाठी मोजायच्या. बाई मधल्या रातीला भाकरी घेऊन आली. "काय करायलास रं एवढ्या रातीचा? विहिरीत काय पडलंय?" म्हणलं, "पाणी चढायलंय, ते बघायलोय." ती काठावर बसली आणि पुढच्या दोन गाठी तिनंच मोजल्या.

पूर्ण भरल्यावर फुटबॉलच्या वर २४ फूट पाणी राहायचं. वहीत उतरलं ते असं. पहिल्या चार तासांत १२ फूट पाणी चढलं. पुढच्या चार तासांत सहाच. त्यापुढच्या चार तासांत तीन. थोडं इकडंतिकडं सोडलं तर हिशेब साफ होता: दर चार तासाला विहीर उरलेल्या खड्ड्याच्या निम्मी भरत होती. ह्याचं कारण अवघड नाही. बाहेरच्या खडकातलं पाणी उंच आणि विहिरीतलं खोल, तेव्हा झरे जोरात सुटतात. विहीर भरत आली की ढकलणारा जोर कमी होतो आणि झरे मंदावतात. शेवटचे दोन-तीन फूट भरायला अख्खी रात लागते.

हा हिशेब मी औरंगाबादला नेला. सरांनी शनिवारी दुपारी यंत्र वापरायची परवानगी दिली. मामा सोबत बसले. एक तास म्हणजे एक सेकंद धरला, तीन फूट म्हणजे एक व्होल्ट. विहिरीतला २४ फुटांचा रिकामा खड्डा झाला ८ व्होल्ट. इंटिग्रेटरचं तोंड एका नॉबमधून त्याच्याच शेपटाला जोडलं. नॉब लावला ०.१७३ वर, कारण चार तासात निम्मं करणाऱ्या गोष्टीचा तासाचा आकडा तेवढा येतो. रिसेट दाबला, काटा ८ वर. कॉम्प्युट दाबला. चार सेकंदांनी काटा ४ वर आला, आठ सेकंदांनी २ वर, बाराव्या सेकंदाला १ वर. मामांनी माझ्या वहीतले फूट वाचले, मी मीटर वाचत गेलो. होळीची अख्खी रात बारा सेकंदांत पुन्हा घडली.

मग मोटार जोडली. मोटार म्हणजे एक खटका आणि दुसरा नॉब, त्यातून उलट्या चिन्हाची धार. मोटार तासाला १० फूट पाणी काढते असं धरून तो नॉब ०.३३३ वर लावला. खटका टाकला की काटा चढायला लागायचा, तीन सेकंदांच्या थोडं पुढं तो ८ वर यायचा. तिथं खटका बंद केला नाही तर काटा १० कडं निघायचा आणि ओव्हरलोडचा लाल दिवा. मामा हसायचे, "तुझा फुटबॉल उघडा पडला." शेवटी रिपिटेटिव्ह लावलं. विहिरीचा अख्खा दिवस २४ मिलिसेकंदांत, म्हणजे पडद्यावर एका सेकंदात जवळजवळ महिना सरत होता. भरण्याची रेघ पडद्यावर स्थिर उभी राहिली: आधी सरळ कडा, मग वाकत वाकत आडवी. त्या रेघेकडं बघून मला एक गोष्ट स्वच्छ दिसली. आमच्या घरात दोघंही विहीर पूर्ण भरायची वाट बघायचे, कारण भरलेली विहीर म्हणजे आपला फायदा. पण वाट बघण्याचे सगळे तास त्या आडव्या रेघेवर वाया जात होते.

हिशेब कुणालाही करता येईल. मोटार चालण्याचा वेळ बाजूला ठेवा. १२ तास वाट बघितली तर २१ फूट पाणी येतं. त्याच १२ तासांत चार-चार तासांनी तीनदा उपसलं तर १२ अधिक १२ अधिक १२, म्हणजे ३६ फूट. विहीर तीच, झरे तेच.

पाडव्याला मी ती रेघ आलेख-कागदावर काढून घरी आणली. गुढी उतरायच्या आधी बाईनं मला तात्यांच्या घरी पाठवलं, "कागद दाखवायला ये म्हणावं." तात्या आले. आण्णा ओसरीच्या एका कडेला, तात्या दुसऱ्या कडेला, मधी कागद. मी दोघांना मिळून सांगत होतो आणि दोघं फक्त माझ्याकडं बघत होते.

तीन वेळा ३६ आणि एका वेळी २१, हे आण्णांना पटेना. "पाणी तेवढंच की रं. वाढलं कुठून?" चुलीकडून बाई बोलली, "म्हशीची धार दोन टायमाला काढतो. तीच दोन दिसांनी एकदा काढली तर चौपट निघंल का?" आण्णा गप्प झाले.

मग मी खटक्यांचं सांगितलं. रिसेट, कॉम्प्युट, होल्ड. तात्या शाळेत दुसरीपर्यंत गेलेले. ते बराच वेळ कागदाकडं बघत बसले आणि म्हणाले, "ह्यो होल्ड दाबल्यावर तुझ्या यंत्रात समदंच थांबतं?"

"समदं. जिथल्या तिथं."

"झराबी?"

"झराबी."

"मग आपल्या विहिरीला होल्ड न्हाई. लाईट गेली का मोटार थांबती. झरा कुठं थांबतोय?"

आण्णा दोन महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्याशी बोलले, नजर मात्र कागदावर. "त्येच तर म्हणायलोय मी. माझ्या पाळीत आलेलं पाणी."

"आरं, झरा काय पाळी बघून पाझरतोय व्हय?" तात्या म्हणाले. "त्यो तुला वळखत न्हाई आन मलाबी. आपुन घड्याळ बघून पाणी वाटतोय, आन पाणी घड्याळावर येत न्हाई."

त्या यंत्रावर मी पंधरा दिवस काढले होते, पण भांडणाचं मूळ इतक्या थोडक्यात कुणी सांगितलं नव्हतं. तासांची वाटणी करायची तर लाईट गेल्यावर तासही थांबले पाहिजेत आणि झराही थांबला पाहिजे. लॅबमध्ये दोन्ही एका खटक्यावर थांबतात. रानात एक थांबतं, दुसरं चालू राहतं, आणि त्या मधल्या पाण्यावर दोन भाऊ भांडतात.

तोड तात्यांनीच काढली. घड्याळ काढून टाकायचं आणि पाण्याचीच पाळी करायची. दुसऱ्या दिवशी मी आणि चुलतभाऊ दोर लावून विहिरीत उतरलो, पांढऱ्या रंगाचे दोन पट्टे ओढले. खालचा फुटबॉलच्या वर हातभर, वरचा त्याच्यापासून १२ फुटांवर. पाणी वरच्या पट्ट्याला आलं की ज्याची पाळी त्यानं मोटार टाकायची, खालच्या पट्ट्याला आलं की बंद. मग पाळी दुसऱ्याची, मग दिवस असो का रात. लाईट मधीच गेली तर पाळी ज्याची त्याचीच राहील, दोन-चार फूट पाणी वाढलं तर ते त्याचं. "आज तुला जादा, उद्या मला," तात्या म्हणाले. यंत्राच्या हिशेबानं अशी एक पाळी पावणेदोन तासांची आणि भरायला चार तास, म्हणजे लाईट नीट राहिली तर दिवसाला चार पाळ्या. लाईट कुठली नीट राहतेय, तरी दोघांच्या मिळून तीन पाळ्या बऱ्याच दिवशी व्हायच्या.

भुईमूग सगळा वाचला असं नाही. चैत्र सरता सरता खडकातलंच पाणी खाली गेलं, २४ फुटांचे १७ झाले आणि पट्टे खाली घ्यावे लागले. माझ्या मांडणीत बाहेरची पातळी कायम धरलेली होती, उन्हाळ्यात ती कायम राहत नाही. पण गहू निघाला. त्यातला आमच्या वाट्याचा पहिला कट्टा आण्णांनी स्वतः खांद्यावर टाकून तात्यांच्या ओसरीवर नेऊन ठेवला. ताईच्या लग्नात पंगतीला वाढायला आण्णा पुढं होते.

पट्ट्यांची पाळी पुढं अकरा-बारा वर्षं चालली. तोपर्यंत कॉलेजातलं ते यंत्र स्टोअरमध्ये गेलं होतं. डिजिटल कॉम्प्युटर आले, तेच गणित आकड्यांनी व्हायला लागलं आणि वायरी खोचायला कुणाला वेळ राहिला नाही. मामा निवृत्त झाले. मी पुढं कंट्रोल पॅनेलवरच नोकरी केली. आमच्या प्लँटमध्येही टाक्या होत्या, पातळीचे खटके होते, टायमर होते. नवीन पोरांना शिकवताना मी आधी विचारायचो, "होल्डला टाकल्यावर नेमकं काय काय थांबतं, आणि काय चालू राहतं?" अपघात बहुतेक चालू राहणाऱ्या गोष्टीनं होतात.

आता आमच्या शिवारात विहिरी कमी आणि बोअर जास्त. ६० मीटरच्या खाली बोअर घेऊ नये असा राज्याचा भूजल कायदा सांगतो, पण मशीन येते तेव्हा मीटर कोण मोजतं. सभोवताली बोअर झाल्यापासून विहिरीच्या चिरी मंदावल्या. यंत्राच्या भाषेत बोलायचं तर नॉब कुणीतरी खाली फिरवलाय.

पुतण्यानं परवा फोन केला. त्यानं स्टार्टरला मोबाइलचा ऑटो बसवलाय. गेवराईच्या बाजारात बसून तो मोटार चालू-बंद करतो. म्हणाला, "काका, ह्याच्यात टायमर बी हाय. किती तास बंद अन् किती तास चालू ठिवू?" मी म्हणलं, तासांचं नंतर बघू. विहीर उपस, मोटार बंद ठेव आणि दोरीला गाठी मारून रातभर बस. सकाळी त्यानं वहीच्या पानाचा फोटो पाठवला. पहिले सहा फूट चढायला साडेपाच तास लागले होते. पट्टे कुठं ओढायचे ते त्यावरून निघेल. बुधवारी गावी जातोय.